बिस्मथ, गंधक आणि शेंगाचटणी: त्या मेसेजला उत्तर

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. जुळे सोलापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आहे, एमएस्सीच्या पोरांच्या ग्रुपवरही आहे. मजकूर थोडक्यात असा: अल्सरवर देतात त्या गोळ्यांतला बिस्मथ हा धातू शिशा-पाऱ्याइतकाच विषारी. गोळीनंतर जीभ काळी पडते ती विष भिनल्याची खूण. पण शास्त्रज्ञांनी ‘ऑर्गॅनोबिस्मथ-गंधक चिलेट’ बनवलेत, त्यांत गंधक धातूला दोन्ही बाजूंनी कायमचा जखडतो. म्हणजे गंधक पोटात गेला की कुठलाही जड धातू निकामी. आणि गंधकासाठी लसूण घातलेली आपली शेंगाचटणी रोज दोन चमचे पुरे!

चिलेट (एकाच रेणूनं दोन किंवा जास्त अणूंनी धातूला धरलेलं संयुग) शिकवताना वर्गात मुलं जांभया देतात आणि इथे लोक तो चवीनं फॉरवर्ड करतायत. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

शिशा-पाऱ्याइतका विषारी? आवर्त सारणीत पारा 80, थॅलियम 81, शिसं 82 आणि बिस्मथ 83. शेजार वाईट आहे, हे मान्य. पण बिस्मथचे बहुतेक क्षार पाण्यात गेले की न विरघळणारे ऑक्सी-क्षार होऊन बसतात आणि आतड्यातून रक्तात फार थोडा बिस्मथ जातो. म्हणूनच नळाच्या पितळेत आणि बंदुकीच्या छऱ्यांत शिशाऐवजी तो वापरतात. आकाशात तडतडणाऱ्या शोभेच्या दारूतही शिशाच्या ऑक्साइडची जागा बिस्मथ ऑक्साइडनं घेतली आहे. तरी तो अगदी निर्धोक नाही. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये पोटाच्या तक्रारींसाठी दीर्घकाळ बिस्मथचे क्षार घेणाऱ्या शेकडो जणांच्या मेंदूवर परिणाम झाला: भ्रम, झटके, चालताना तोल जाणं. औषध थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले. आज हेलिकोबॅक्टर पायलोरी या अल्सर करणाऱ्या जिवाणूवर बिस्मथ देतात तो इतर औषधांसोबत, 10 ते 14 दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टर तो शक्यतो टाळतात.

काळी जीभ. तोंडातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बिस्मथची त्याच्याशी गाठ पडली की काळा बिस्मथ सल्फाइड तयार होतो. निसर्गात बिस्मथिनाइट नावाच्या खनिजात असतो तोच. शौचही त्यामुळेच काळी होते आणि गोळी बंद केल्यावर रंग जातो. (डांबरासारखी चिकट काळी शौच मात्र रक्तस्रावाचीही असू शकते, ते डॉक्टरांना सांगाच.) गंमत बघा, मेसेज ज्याला विषाची खूण म्हणतो ते बिस्मथ आणि गंधकाचंच संयुग आहे आणि पुढच्याच ओळीत गंधक तारणहार!

आता चिलेट. इथे मेसेज लिहिणाऱ्यानं कुठल्यातरी शोधनिबंधाचं शीर्षक उचललंय, आतलं वाचलेलं नाही.

ऑर्गॅनोबिस्मथ संयुगात बिस्मथला थेट कार्बन जोडलेला असतो. बनवायचा एक नेहमीचा मार्ग: डायमेथिलबेंझिलअमाइन घ्यायचं, त्याच्या बेंझीन कड्यावर अमाइनच्या (नायट्रोजन असलेल्या) हाताशेजारचा हायड्रोजन ब्यूटिललिथियमनं काढून तिथे लिथियम आणायचा आणि त्याची बिस्मथ ट्रायक्लोराइडशी अभिक्रिया करायची. सगळं कोरड्या द्रावकात, आर्गॉन किंवा नायट्रोजनखाली, कारण ब्यूटिललिथियम हवेत पेट घेऊ शकतं. मग उरलेल्या क्लोरीनच्या जागी गंधक आणायला सोडियम सल्फाइड किंवा डायथायोकार्बामेट, डायथायोफॉस्फेट या दोन-दोन गंधक असलेल्या गटांचे क्षार वापरायचे.

स्फटिक मिळाला आणि क्ष-किरणांनी रचना काढली की काय दिसतं? अमाइनचा हात वळून नायट्रोजन बिस्मथला टेकलेला असतो, अंतर साधारण 2.5 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि पाच अणूंचं कडं बनतं. हा नायट्रोजन बहुधा क्लोरीन किंवा गंधकाच्या बरोबर समोर बसतो आणि समोरचा बंध ताणला जातो. बिस्मथची न वापरलेली इलेक्ट्रॉनजोडीही एक बाजू अडवून असते. त्यामुळे लिगंडकडे (धातूला धरणाऱ्या रेणूकडे) दोन गंधक असले तरी दोघांना सारखी जागा मिळेलच असं नाही. अनेकदा एक गंधक 2.6–2.7 अँगस्ट्रॉमवर पक्का बसतो आणि दुसरा 3 च्या आसपास किंवा पलीकडे नुसता रेंगाळतो. बंध नसताना बिस्मथ आणि गंधक एकमेकांना जेमतेम शिवतात ते अंतर 3.9 च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या गंधकाची ओढ आहे, पण ढिली. द्रावणात तर अमाइनचा हात सुटून पुन्हा धरू शकतो. तापमान बदलत एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणारी तपासणी) काढला की ते दिसतं. ‘दोन्ही बाजूंनी कायमचा जखडतो’ हे वाक्य या रचनांपुढे टिकतच नाही.

शिवाय धातू अंगातून काढणं हा या कामाचा हेतूच नसतो. रसायनज्ञांना बिस्मथभोवतीचे हे कमी-जास्त ताकदीचे बंध समजून घ्यायचे असतात. बिस्मथ-गंधकाची काही संयुगं तापवली की बिस्मथ सल्फाइडचे पातळ थर मिळतात, तोही एक रस.

आणि चिलेट झाला म्हणजे धातू निकामी, हे तर धोकादायक आहे. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त रासायनिक अस्त्रावर उतारा म्हणून ब्रिटनमध्ये डायमरकॅप्रॉल शोधलं गेलं. शेजारच्या दोन कार्बनांवर दोन थायोल (गंधक-हायड्रोजनचे गट), आर्सेनिकभोवती पाच अणूंचं कडं: पुस्तकात शोभेल असा चिलेट. तरी मेथिल पाऱ्याच्या विषबाधेत ते देत नाहीत, कारण त्यानं मेंदूतला पारा वाढू शकतो. धातूला पकडणारा रेणू त्याला नेतो कुठे, हेही बघावं लागतं.

राहिली शेंगाचटणी. कडक भाकरीबरोबर मीही खातो, त्यात वाद नाही. पण लसणातल्या डायअलिल डायसल्फाइडमध्ये दोन गंधक एकमेकांनाच जोडलेले असतात. धातूला पकडायला डायमरकॅप्रॉलसारखे मोकळे थायोल तिथे नाहीत. चटणीनं शिसं उतरत नाही. शिशाची शंका असेल तर रक्ततपासणी करा, उपचार डॉक्टर ठरवतील. शेंगदाण्याचा संबंध मात्र खरंच आहे: डायमरकॅप्रॉलचं इंजेक्शन शेंगदाणा तेलात बनवतात आणि स्नायूत खोलवर देतात, म्हणून रोग्याला आधी शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारावं लागतं.