'स्वस्त गिटार कंट्रोलर घेऊच नका' या सल्ल्यात काय चुकतं

क्लोन हीरो किंवा तसला एखादा रिदम गेम (गाण्याच्या तालावर गिटारीच्या आकाराच्या कंट्रोलरची बटणं दाबायचा खेळ) नव्याने सुरू करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो आणि तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "स्वस्तातल्या गिटार कंट्रोलरच्या नादी लागू नका. जुन्या गिटारी सगळ्या झिजलेल्या असतात. त्या कम्प्युटरला जोडता येत नाहीत. जोडल्या तरी लॅग, म्हणजे उशीर, येतो, आणि वायरलेस असेल तर विचारूच नका. मेंब्रेन (रबराच्या गादीच्या) बटणांवर अवघड गाणी निघत नाहीत. एकतर मेकॅनिकल (प्रत्येकी वेगळ्या स्विचच्या) बटणांची नवी गिटार घ्या, नाहीतर पैसे साठेपर्यंत कीबोर्डवर खेळा."

सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कुणीतरी फसलेला असतो आणि दुसऱ्याने फसू नये असं त्याला मनापासून वाटतं. पण हे वाचून कित्येक जण खेळ सुरू करण्याआधीच माघार घेतात, आणि तेही अर्धवट माहितीवरून. म्हणून एकेक वाक्य तपासून बघू.

सुरुवात "कम्प्युटरला जोडता येत नाहीत" या वाक्यापासून करतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. गिटार हीरो 2005 साली प्लेस्टेशन 2 वर आला, 2007 मध्ये रॉक बँड आला, आणि 2010 पर्यंत या दोन्ही मालिकांचे भाग प्लेस्टेशन 2, प्लेस्टेशन 3, एक्सबॉक्स 360 आणि निन्टेंडोचा वी या कन्सोलांवर येत राहिले. बाहेरून सारखी दिसणारी गिटार या चार कन्सोलांशी चार वेगळ्या रीतींनी बोलते. त्यामुळे 'जुनी गिटार' असा एकच प्रकार नाही. सरसकट बोलणं म्हणजे सब घोडे बारा टक्के. स्वस्त गिटार शोधताना "किती झिजली आहे" हे नंतर विचारा. ती कोणत्या कन्सोलची आहे आणि तिला जोडायला काय लागतं, हे आधी.

एक्सबॉक्स 360 वरच्या गिटार हीरो 2 सोबत आलेली एक्स-प्लोरर घ्या. तिला यूएसबीची वायर आहे. विंडोजच्या कम्प्युटरला जोडली की ती एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून ओळखली जाते आणि वेगळं काहीच लागत नाही. अर्थात हे सगळ्यांना माहीत झालं आहे, त्यामुळे ती दरवेळी स्वस्त मिळेलच असं नाही.

गिटार हीरोची वीसाठीची गिटार मला स्वस्तातला सगळ्यात शहाणा पर्याय वाटते. तिला स्वतःचा रेडिओ नाही. तिची वायर वी रिमोटच्या खालच्या सॉकेटमध्ये जाते, जिथे नन्चक हा जोडकंट्रोलर लावतात तिथेच. म्हणजे हरवायला डाँगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, मुळातच नाही. त्या प्लगला यूएसबी करणारे छोटे अ‍ॅडॉप्टर मिळतात. त्यांतला राफनेटचा अ‍ॅडॉप्टर खेळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तो लावला की रिमोट बाजूला होतो, बॅटरी जाते, ब्लूटूथ जातं आणि हातात सरळ वायरची गिटार उरते. हातात सोल्डरिंग असेल तर रास्पबेरी पाय पिकोसारख्या स्वस्त सर्किट बोर्डावर सँट्रोलर हे मुक्त फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकून असाच अ‍ॅडॉप्टर घरी बनवता येतो.

एक्सबॉक्स 360 च्या वायरलेस गिटारीला मायक्रोसॉफ्टचा 360 साठीचा वायरलेस रिसीव्हर लागतो. एक्सबॉक्स वनचा रिसीव्हर चालत नाही. नकली रिसीव्हर बरेच फिरतात. त्यांतले बहुतेक चालतात, पण विंडोजला ड्रायव्हर हाताने दाखवावा लागतो. हिशोब करताना गिटारीच्या किमतीत रिसीव्हरची किंमत मिळवा, मगच ती स्वस्त की महाग ते ठरवा.

आणि आता जिथे लोक खरोखर फसतात ती जागा: डाँगल नसलेली प्लेस्टेशन 3 ची गिटार. या गिटारीसोबत तिचा यूएसबी डाँगल येतो. तो नसेल तर गिटार सुरू होते, दिवे लुकलुकतात, पण ती कुणाशीच बोलू शकत नाही. दुसऱ्या मॉडेलचा डाँगल चालेल याचा भरवसा नाही, आणि सुटा शोधायला गेलात तर तो गिटारीइतकाच महाग पडू शकतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत होते. ज्याने ही गिटार घेतली त्याला "जुन्या गिटारी जोडताच येत नाहीत" असं वाटणं साहजिक आहे. पण तो दोष जुनेपणाचा नाही, विकत घेताना एक प्रश्न विचारायचा राहिला त्याचा आहे. (अशी गिटार आधीच घरात पडून असेल तर फेकू नका. ती उघडून आत वर सांगितलेला पिको बोर्ड बसवता येतो आणि ती वायरची होते.)

आणखी एक सापळा गिटार हीरो लाइव्हचा. ती 2015 ची, म्हणजे यादीतली त्यातल्या त्यात नवी, म्हणून नवख्याचं लक्ष तिच्याकडे जातं. तिच्या मानेवर पाच रंगीत बटणं नाहीत. तीन-तीनच्या दोन ओळींत सहा बटणं आहेत. क्लोन हीरोमध्ये सहा बटणांची सोय आहे, पण बहुतेक गाणी पाच बटणांसाठी बसवलेली असतात. पाच बटणांचा खेळ शिकायचा असेल तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

एका बाबतीत मात्र सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं मान्य आहे. तुम्हाला कम्प्युटरवर नाही, आजच्या कन्सोलवर खेळायचं असेल, उदाहरणार्थ फोर्टनाइट फेस्टिव्हल, तर जुनी गिटार नुसती जोडून भागत नाही. तिला त्या कन्सोलने आणि त्या खेळाने, दोघांनी ओळखावं लागतं. तिथे 2024 मध्ये आलेल्या पीडीपीच्या रिफमास्टरसारखी नवी गिटारच सरळ पडते, आणि तीही आपल्या कन्सोलची आवृत्ती बघूनच घ्यावी, कारण प्लेस्टेशनची वेगळी आणि एक्सबॉक्सची वेगळी आहे.

"सगळ्या झिजलेल्या असतात." झिजतं ते काय, हे पाहू. या गिटारीत हलणारे भाग मोजकेच असतात: मानेवरची बटणं, स्ट्रम बार (तारांच्या जागी वर-खाली मारायची पट्टी), व्हॅमी बार (सूर थरथरवायची दांडी), आणि गिटार उभी केल्याचं ओळखणारा टिल्ट सेन्सर. बटणांखाली रबराची गादी असते. तिच्यावर कार्बनचा ठिपका असतो आणि तो खालच्या सर्किटला टेकला की बटण दाबलं गेलं असं कळतं. तिथे धूळ आणि हाताचा तेलकटपणा साचला की बटण दाबूनही नोट लागत नाही. गिटार उघडून ठिपका आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसलं की बऱ्याचदा काम होतं. गिटार हीरोच्या स्ट्रम बारखाली दोन मायक्रोस्विच असतात, एक वरच्या फटक्याला आणि एक खालच्या. ते थकले की एक फटका दोनदा मोजला जातो किंवा मोजलाच जात नाही. हा भाग स्वस्त आहे आणि बदलता येतो.

सगळ्यात बदनाम दोष गिटार हीरो 3 च्या लेस पॉलचा. तिची मान निघते. मान आणि धड यांच्यामध्ये फक्त धातूचे संपर्क असतात आणि ते सैल किंवा काळपट झाले की खेळताना अधूनमधून एखादं बटण गायब होतं. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण तिच्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत: संपर्क पुसणं, पिना किंचित वर उचलणं, आणि कायमचा निकाल लावायचा तर मान-धडाच्या वायरी थेट सोल्डर करून टाकणं. मग मान निघत नाही, पण दोषही परत येत नाही.

घेण्याआधी तपासायला फार वेळ लागत नाही. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरा गंज आहे का ते बघा. विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडा आणि एकेक बटण दाबून धरा. धरलेलं असताना मान हळूच हलवा आणि दिवा विझतो का बघा. स्ट्रम आधी फक्त खाली, मग फक्त वर मारा. व्हॅमी सोडल्यावर मूळ जागी येते का बघा, पण तेवढ्यावरून सौदा मोडू नका. नीट न परतणाऱ्या व्हॅमीवाचून खेळ अडत नाही.

"लॅग येतो" हा आक्षेप सगळ्यात जास्त गैरसमजातून येतो. उशीर दोन जातींचा असतो. एक ठरावीक, म्हणजे प्रत्येक फटका तेवढाच उशिरा पोहोचणार. दुसरा अस्थिर, म्हणजे एक फटका लवकर, पुढचा उशिरा. रिदम गेममध्ये पहिल्या जातीचा उशीर कॅलिब्रेशनने, म्हणजे तो किती आहे हे खेळाला आधीच सांगून, भरून निघतो. क्लोन हीरोत आवाज आणि चित्र या दोहोंसाठी वेगळे आकडे भरता येतात, ते याचसाठी. दुसऱ्या जातीचा उशीर मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही आणि तोच हात बिघडवतो.

आता गिटारीचा वाटा किती ते पाहा. यूएसबीवर कम्प्युटरकडून गिटारीला सेकंदाला 1000 वेळा विचारणा होत असेल तर दोन विचारणांमध्ये 1 मिलिसेकंद जातो. 125 वेळा होत असेल तर 8. उलट ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज 100 ते 200 मिलिसेकंदांनी मागे पडणं अगदी नेहमीचं आहे, आणि गेम मोड बंद ठेवलेला टीव्ही चित्र कितीतरी उशिरा दाखवतो. गाणं हातातून निसटतं तेव्हा शिव्या मात्र गिटारीला बसतात. वड्याचं तेल वांग्यावर निघतं. वायरचे हेडफोन लावा, टीव्हीचा गेम मोड चालू करा, कॅलिब्रेशन नीट करा, आणि मग गिटारीबद्दल मत बनवा.

वायरलेसबद्दलही सरसकट बोलण्यात अर्थ नाही. चांगला रिसीव्हर जवळ आणि मोकळ्या जागी असेल तर 360 ची वायरलेस गिटार अवघड गाण्यांनाही पुरते. ब्लूटूथवरून जोडलेल्या वी रिमोटबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. तिथे अस्थिर उशिराची शक्यता जास्त. पण त्याच गिटारीला वर सांगितलेला अ‍ॅडॉप्टर लावला की हा प्रश्नच उरत नाही.

"मेंब्रेनवर अवघड गाणी निघत नाहीत." मेकॅनिकल बटणं छान असतात, हे कुणी नाकारत नाही. हलकी लागतात, दाब सारखा राहतो, खराब झाली तर एक स्विच बदलता येतो. वेगवान सोलोत, जिथे स्ट्रम न करता नुसत्या बोटांनी हॅमर-ऑन आणि टॅप घ्यायचे असतात, तिथे फरक जाणवतो. पण तिथवर पोहोचायला वेळ लागतो. मीडियम आणि हार्ड या पातळ्यांवर अडणारा माणूस बटणांमुळे अडत नाही. तो अडतो कारण पाचव्या, नारिंगी बटणासाठी हात सरकवायची सवय झालेली नसते, किंवा वर-खाली स्ट्रमची लय तुटते. ती लय स्वच्छ मेंब्रेनवरही तशीच शिकता येते. शिवाय अनेक जुन्या गिटारींसाठी मेकॅनिकल बटणांचे तयार किट मिळतात. म्हणजे आज साधी गिटार घेऊन उद्या गरज पटली तर बटणं बदलायची वाट मोकळी राहते.

निवड करायचीच तर रबर की मेकॅनिकल यापेक्षा हाताला काय आवडतं ते बघा. गिटार हीरोची बटणं उठावदार, मध्ये फट असलेली, आणि स्ट्रम टकटक वाजणारा. रॉक बँडच्या गिटारीत बटणं एकमेकांना लागून सपाट आणि स्ट्रम मऊ, जवळजवळ मुका. काहींना तो मऊपणा प्रिय असतो. मला फटका बसल्याचं बोटाला कळलेलं आवडतं.

राहता राहिला कीबोर्ड. स्वस्त कीबोर्डमध्ये एका वेळी ठरावीकच कळा ओळखल्या जातात. तीन बटणांचा कॉर्ड धरून स्ट्रमची कळ दाबली की एखादी कळ गिळली जाण्याची शक्यता असते, आणि चूक आपली की कीबोर्डची हे कळत नाही. त्याहून मोठी अडचण हाताची. मान धरलेला डावा हात आणि मनगटातून हलणारा उजवा हात ही जोडी टेबलावर सपाट ठेवलेल्या कीबोर्डवर तयार होत नाही. कीबोर्डवर पटाईत झालेल्यांचं कौतुक आहे, पण ते वेगळं कौशल्य आहे. "पैसे साठेपर्यंत" म्हणून महिनोन्‌महिने तिथे काढले तर गिटार हाती आल्यावर बरंचसं नव्याने शिकावं लागतं.

अ‍ॅडॉप्टर यायचा आहे आणि हात शिवशिवताहेत, एवढ्यापुरताच कीबोर्ड वापरायचा असेल तर 2006 च्या फ्रेट्स ऑन फायर या फिनलंडच्या मुक्त खेळाची पद्धत उचला. कीबोर्ड दोन्ही हातांनी गिटारीसारखा उचलून धरायचा, डाव्या हाताची बोटं एफ 1 ते एफ 5 वर, आणि उजव्या हाताने एंटरवर फटका. निदान हात तरी बरोबर जागी राहतात.