‘शाळेतलं ॲसिड पातळच असतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शिक्षक-पालकांच्या गटांत एक मजकूर सध्या फिरतोय: ‘शाळेतलं ॲसिड पातळ असतं, अंगावर पडलं तर खायचा सोडा चोळा; स्पिरिटचा दिवा निरुपद्रवी; एमसीबी (वीजप्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) असली की शॉक लागत नाही; चष्मे म्हणजे उगाच खर्च.’ यातलं एकही वाक्य प्रयोगशाळेत पूर्ण टिकत नाही.

मुलांच्या हातात येणारं ॲसिड पातळ असतं, हे खरं. पण ते पातळ करतं कोण? बहुतेक वेळा परिचर किंवा शिक्षक, तेही तासाच्या घाईत. बाटलीतलं संहत (पातळ न केलेलं) सल्फ्युरिक ॲसिड 98 टक्क्यांचं, पाण्याच्या 1.8 पटींहून जड. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, सगळी उष्णता त्या थरात साठते, पाणी उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. म्हणून आधी पाणी, मग ॲसिड. 500 मिलि एक मोलर (लिटरला एक मोल ॲसिड) द्रावणासाठी लिटरभराच्या चंचुपात्रात 400 मिलि थंड पाणी घ्या, पात्र पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि 28 मिलि ॲसिड काचकांडीवरून बारीक धारेने सोडत ढवळा. निवल्यावर पाणी घालून 500 करा. हे काम मोजपात्रात करू नका, तापून तडकतं.

आणि भीती फक्त ॲसिडची का? कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) ‘पातळ’ द्रावण डोळ्यात गेलं, तर ते ॲसिडपेक्षा आत खोल मुरतं. बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा तो यासाठी. नंबरचा चष्मा बाजूंनी उघडाच असतो. साठ मुलांच्या वर्गाला साठ चष्मे लागत नाहीत. दहा-दहांच्या गटांनी पाळीपाळीने प्रयोग केला की दहा पुरतात, मधे साबणाने धुवायचे.

सोडा चोळण्याचा सल्ला तर थेट घातक. ॲसिड आणि सोड्याच्या क्रियेत उष्णता निघते, चोळण्याने भाजलेली कातडी सोलते आणि मोलाची मिनिटं जातात. टेबलावर सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाका, अंगावर फक्त वाहतं पाणी, 20 मिनिटं. ॲसिडने भिजलेला शर्ट त्याच पाण्याखाली काढायचा.

मराठवाड्यात खरी अडचण इथेच आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. उन्हाळ्यात आपल्याकडे नळ कोरडा असणं नवं नाही. पण हिशोब करा: डोळा धुवायला मिनिटाला दीड लिटर धरलं, तर 20 मिनिटांना 30 लिटर. खाली तोटी असलेली, झाकणाची 50 लिटरची टाकी टेबलापेक्षा उंच ठेवा आणि तिचं पाणी दर आठवड्याला बदला. काढलेलं पाणी झाडांना जाईल. टाकी रिकामी असेल, त्या दिवशी ॲसिडचा प्रयोग नाही.

स्पिरिटच्या दिव्याबद्दल थोडक्यात. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पेटता किंवा गरम दिवा भरायचा नाही. खिडकीच्या उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही; विझलाय समजून वरून स्पिरिट ओतलं, की भडका बाटलीपर्यंत येतो. फुंकर न मारता टोपण घाला.

राहिली एमसीबी. ती वायर वाचवते, माणूस नाही. 6 अँपिअरची एमसीबी 6 अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि 230 व्होल्टला ओल्या हातातून अंगात जाणारा पाव अँपिअरसुद्धा जीव घ्यायला पुरेसा आहे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, लागते. तिच्यावरचं ‘टी’ (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टेबलांचा पुरवठा बंद. अर्थिंगचा खड्डाही बघा: काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्ड्यातल्या सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वापरलेलं सांडपाणी चालेल, पण त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या ओता.