पैसे संपले असते, तर घुमट संगमरवरी झाला असता का?

बीबी का मकबऱ्याचा फोटो कुणी टाकला की खाली तोच मजकूर येतो: 'आझमशहाने आईसाठी ताजमहालाची नक्कल करायला घेतली, पैसे संपले, मग संगमरवर सोडून चुना फासला.' औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, या वास्तूवर हा अन्याय आहे.

आझमशहा हा औरंगजेबाचा मुलगा, जन्म १६५३चा. आई दिलरसबानू बेगम १६५७ साली बाळंतपणानंतर महिनाभरात गेली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. मकबरा १६६०-६१मध्ये पुरा झाला, तेव्हा सात-आठ वर्षांचा. एवढं पोर मकबरा कसं बांधेल? बांधणारा औरंगजेबच.

नक्कल म्हणावं, तर साम्य आहेच. वास्तुविशारद अताउल्ला हा ताज घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाचा हात मुलाच्या कामात उतरणारच. पण ताज बागेच्या टोकाला, यमुनेकाठी आहे. मकबरा चारबागेच्या मधोमध, दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीसारखा. आत गेल्यावर तर फरक लगेच जाणवतो. ताजमध्ये वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या तळघरात. इथे कठड्याशी उभं राहून खाली पाहायचं: संगमरवराची अष्टकोनी जाळी आणि तिच्या आत साधीशी खरी कबर. मला ताजपेक्षा इथे जास्त गलबलून येतं.

आता पैशाचं. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा' या ग्रंथात खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजच्या मानाने रक्कम फारच लहान, हे मान्य. पण 'पैसे संपले' हे इमारतच खोटं ठरवते. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या बुडापर्यंत आपला दख्खनचा काळा दगड, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. घुमट चढतो शेवटी. तिजोरी मध्येच आटली असती, तर तोच चुन्याचा झाला असता. मधल्या काळ्या दगडावरचा गिलावाही 'फासलेला' नाही. तो घोटून गुळगुळीत केलाय आणि त्यावर चुन्यातच नक्षी उठवली आहे. संगमरवर संपून गिलावा सुरू होतो ती रेघ जवळ जाऊन पाहा.

आणि प्रवेशद्वारातून घाईने आत शिरू नका. पितळी पत्र्याने मढवलेल्या त्या दारावर अताउल्लासोबत अभियंता हंसपत राय याचंही नाव कोरलेलं आहे.