तीनशे रुपये कशाचे घेतले? अभ्यासिकेच्या मालकाचं उत्तर

सर, नमस्कार.

आमच्या अभ्यासिकेबद्दलचा तुमचा ऑनलाइन अभिप्राय वाचला. प्रोफाइलवर तुमचं नाव नाही. पण 'मी वर्गात असं केलं असतं तर पोरांनी बाक वाजवले असते' हे वाक्य वाचलं आणि कोण लिहितंय ते कळलं. नाव घेत नाही. शून्य तारे देता येत नाहीत म्हणून एक दिला, असंही तुम्ही लिहिलंय. ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीतल्या, विश्रामबागच्या अभ्यासिकेत वरच्या मजल्यावर बसून विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनाला ऑनलाइन हजर राहायचा जो घाट आम्ही घातला, त्याबद्दलची तुमची तक्रार थोडक्यात अशी: ३०० रुपये घेतले आणि नुसती खुर्ची दिली. सकाळी साडेदहाला बोलावलं तेव्हा स्क्रीन काळी. रात्री ऐन रंगात नेट गेलं. प्रोजेक्टर असून लावला नाही. बोलू दिलं नाही, मत देऊ दिलं नाही. सगळं इंग्रजीत. चहा पाणचट.

चहा मी करतो. त्याबद्दल घरातही तुमच्यासारखंच मत आहे.

सकाळच्या साडेदहाची चूक सरळ माझी. संमेलन सिएटलला होतं, १३ ते १७ ऑगस्ट २०२५. तिथल्या उन्हाळी वेळेपेक्षा आपण साडेबारा तास पुढं. म्हणजे हिशेब खरं तर सोपा आहे: घड्याळातला आकडा तोच ठेवायचा, सकाळची रात्र करायची आणि वर अर्धा तास घालायचा. तिथं शनिवारी सकाळचे दहा म्हणजे सांगलीत शनिवारी रात्रीचे साडेदहा. मी अर्धा तास इमानदारीत घातला आणि बारा तास विसरलो. पोस्टरवर छापून टाकलं, 'शनिवार, सकाळी १०.३०'. तुम्ही वेळेवर आलात तेव्हा सिएटलला शुक्रवारचे रात्रीचे दहा वाजले होते. काळप्रवासाच्या गोष्टी वाचत मोठा झालेल्या माणसाला बारा तास मोजता येऊ नयेत, यावर तुम्ही त्या दिवशी जिन्यात जे बोललात ते मी ऐकलं. बरोबर बोललात. त्यात तो दिवस दहीहंडीचा. पावसातून, बंद रस्त्यांना वळसे घालत तुम्ही आला होतात, तेही मला ठाऊक आहे.

आता प्रोजेक्टर. इथं मात्र माझी बाजू मांडतो.

या संमेलनाला ऑनलाइन हजर राहायचं तर प्रत्येकाला आपल्या नावानं नोंदणी करून पैसे भरावे लागतात. एक नोंदणी, एक माणूस. माझ्याकडं माझी होती. ती मी प्रोजेक्टरवर लावून अकरा जणांना दाखवली असती, तर चोरून केबल ओढून अख्ख्या गल्लीला मॅच दाखवल्यासारखं झालं असतं. हे संमेलन कुठल्या कंपनीचं नाही. पहिलं १९३९ साली न्यूयॉर्कला झालं तेव्हापासून वाचकच ते भरवतात. माइक लावणाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत सगळे बिनपगारी. मुख्यतः नोंदणीच्या पैशांवर ते चालतं. तुम्ही 'मालक कंजूष' लिहिलंत. कंजूष आहेच, पण या कारणासाठी नाही.

मात्र हे सगळं मी पोस्टरवर लिहायला हवं होतं. मी लिहिलं काय, तर 'जगाचं विज्ञानकथा संमेलन सांगलीत! प्रवेश फक्त ३००'. हे वाचून कुणालाही वाटणार की ३०० रुपयांत संमेलन येतं. खरं म्हणजे ३०० रुपयांत येत होतं ते दोन रात्रींचं टेबल, खुर्ची, नेट, चहा आणि भडंग. अकरांपैकी पाच जणांनी आपापली नोंदणी केली होती, सहा जण माझ्या पोस्टरवर विसंबून आले. तुम्ही त्या सहांतले. 'फसवणूक' हा शब्द तुम्ही सहाव्या ओळीत, नेट आणि चहा यांच्यामध्ये टाकलाय. तो पहिल्या ओळीत हवा होता. बाकी सगळं अडचणीत मोडतं, हे नाही.

पुरस्कार सोहळ्याचं प्रक्षेपण सगळ्यांना खुलं होतं. ते आम्ही रविवारी सकाळी प्रोजेक्टरवर लावलं. तोवर तुम्ही रागावून गेला होतात.

मतदानाचं सांगतो. ह्यूगो, म्हणजे याच संमेलनात विज्ञानकथांना मिळणारे पुरस्कार, पहिल्यांदा १९५३ साली दिले गेले, आणि ते सभासदांच्या मतांवर ठरतात हे तुम्ही वाचलेलं बरोबरच आहे. पण त्यासाठी सभासदत्व घ्यावं लागतं आणि मतदान संमेलनाआधीच संपतं. आपल्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष मांडवात थोडाच निवडतात? तसंच. बोलू न देण्याचंही तेच. बहुतेक परिसंवाद झूमच्या वेबिनारवर असतात. तिथं श्रोत्यांचा माइक बंदच असतो, प्रश्न चौकटीत लिहायचा. तुमच्या शेजारच्याच्या लॅपटॉपसमोर तुम्ही हात वर केलात तो तिथं कुणाला दिसला नाही, याचं मलाही वाईट वाटलं. खऱ्या गप्पा होतात त्या छोट्या बैठकांत, एक लेखक आणि मोजके वाचक. त्यांच्या जागा आधी नाव देऊन धरायच्या असतात. हे पहिल्याच खेपेला कुणाला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

माझी पहिली खेप २०२० ची. लॉकडाऊनमुळं न्यूझीलंडचं ७८ वं संमेलन अख्खं ऑनलाइन झालं, जागतिक संमेलनाच्या इतिहासात पहिल्यांदाच. तो देश तेव्हा आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं. तिथले सकाळचे दहा म्हणजे इथली पहाटेची साडेतीन. पाच दिवस गजर लावून उठलो. बायको म्हणाली, काकड आरतीला कधी उठला नाहीत ते. अभ्यासिका बंद होती, रिकाम्या टेबलांमध्ये एकटा बसायचो, आणि चॅटमध्ये कुठल्या कुठल्या देशांतली माणसं एका गोष्टीच्या शेवटावरून भांडताना बघायचो. तेव्हाच डोक्यात आलं की हे शेजारी कुणीतरी बसवून बघायला पाहिजे. रात्रभर उघडी राहणारी जागा सांगलीत आपल्याकडं आहेच, एमपीएससीच्या पोरांसाठी. त्यातलं एक पोरगं, संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करणारं, शनिवारी रात्री 'पाच मिनिटं येतो' म्हणून वर आलं आणि उजाडेपर्यंत खाली गेलंच नाही. त्याच्या वडिलांनी हे वाचू नये.

नेट गेलं ते शनिवारी रात्री सव्वाबाराला. खरं तर नेट गेलं नव्हतं, वीज गेली होती. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आहेत, दिवे आहेत, माशांची टाकीसुद्धा आहे. वायफायचा डबा तेवढा नव्हता. पंचवीस मिनिटं आम्ही गार वाऱ्यात, लख्ख उजेडात, जगापासून तुटून बसलो होतो. आता डब्याला वेगळा छोटा यूपीएस बसवलाय.

पण सर, त्या पंचवीस मिनिटांबद्दल तुम्ही अर्धवट लिहिलंय. तेव्हा बोलत कोण होतं? जयंत विष्णू नारळीकर मे महिन्यातच गेले होते, त्यांचा विषय निघाला, आणि तुम्ही उभे राहून सगळ्यांना सांगितलंत: १९७४ सालच्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं गोष्ट धाडली, आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. सिएटलकडं डोळे लावून बसलेली पोरं लॅपटॉप मिटून तुमच्याकडं बघत होती. वीज आली तेव्हा दोघांनी 'थांबा की सर' म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. त्या वेळाचे पैसे मी घेतले नव्हते, त्यामुळं परतही करणार नाही.

इंग्रजीबद्दल मी फार काही करू शकत नाही. झूममध्ये बोलणं खाली अक्षरांत उमटवायची सोय असते, ती सुरू करून दिली तर निम्मा त्रास कमी होतो. मी ती फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर सुरू केली होती. पुढच्या वेळी दारातच सगळ्यांना करून देईन. पोस्टरही बदलतोय. 'नोंदणी ज्याची त्यानं करायची, आम्ही जागा देतो' हे मोठ्या अक्षरांत वर, आणि वेळा लिहून झाल्या की छापण्याआधी बायको तपासणार.

नोंदणीशिवाय आलेल्या सहाही जणांचे ३०० रुपये परत करतोय. चौघांनी नेले, एकानं त्याचे दोन महिन्यांचे वाचनालयाचे पैसे धरून घ्या म्हटलं. तुमचं पाकीट खाली गल्ल्यात आहे. मी नसलो तरी काउंटरवर मागा, सही लागत नाही.

आणि तुमची छत्री राहिलीय. काळी, वाकड्या मुठीची, एक काडी तुटलेली. काडी बसवून ठेवलीय.