मूर्ती अस्सल आहे, मग कागद कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धमूर्ती अस्सल असेल तर ती आधी कोणाकोणाकडे होती याचा कीस काढू नये, आपल्या संग्रहालयांतून मूर्ती चोरीला जातात आणि परदेशी संग्राहकच त्या जपतात, शिवाय मालकीचे कागद हवे तसे बनवता येतात. स्वतः तारा या बौद्ध देवीची एक मूर्ती घ्यायचा विचार आहे, असंही तुम्ही लिहिलंत.

शेवटचा मुद्दा सोळा आणे खरा. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये न्यूयॉर्कमधून मथुरेची, लाल वालुकाश्मातली कुषाणकालीन बुद्धमूर्ती घेतली, दहा लाख डॉलरहून जास्त मोजून. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की १९६० च्या दशकात एका गृहस्थाने ती हाँगकाँगमध्ये विकत घेतली. साठचंच दशक का? सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. मूर्ती त्याआधीच बाहेर गेली असं दाखवलं की बहुतेक जण पुढचं विचारत नाहीत. (निर्यातीवर परवान्याचं बंधन १९४७ पासूनच होतं, हेही सोयीस्कर विसरलं जातं.) पुढे चौकशीत ती कहाणी टिकली नाही आणि २०१६ मध्ये गॅलरीने मूर्ती भारताला परत केली. कोणीतरी कागद तपासला म्हणूनच तो खोटा निघाला ना?

आता संग्राहकांनी जपल्याबद्दल. ऑगस्ट १९६१ मध्ये नालंद्याच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या. आपला पहारा कमी पडला, हे मान्यच. त्यातली बाराव्या शतकातली, चांदीचं जडावकाम असलेली कांस्य बुद्धमूर्ती २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिच्टच्या आर्ट फेअरमध्ये विक्रीला आली. ओळख पटली ती पुरातत्त्व खात्याच्या जुन्या फोटोंवरून. अशी मूर्ती घडवताना मेणाच्या प्रतिकृतीवर साचा चढवून धातू ओतला की साचा फोडावा लागतो, मेण तर आधीच वितळून गेलेलं असतं. त्यामुळे तंतोतंत तशी दुसरी मूर्ती होत नाही. म्हणून एक जुना फोटोसुद्धा पुरतो. त्या वेळचे मालक आणि विक्रेता यांच्यावर गुन्ह्याचा ठपका नव्हता. कळल्यावर त्यांनी संमती दिली आणि लंडन पोलिसांनी १५ ऑगस्ट २०१८ रोजी मूर्ती आपल्या उच्चायुक्तालयाच्या हवाली केली. संग्राहक म्हणजे चोर, असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण मूर्ती कुठल्या विहारात, मातीच्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली हे एकदा तुटलं की उरतं ते 'पूर्व भारत, पाल शैली' (म्हणजे पाल राजांच्या काळातली घडण) एवढंच. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही घेऊ म्हणताय त्या तारादेवीच्या मूर्तीबद्दल: ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर विक्रेत्याकडे परवाना हवा आणि मूर्तीची नोंदणीही हवी. नोंदणीचा दाखला दाखवायला तो टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका. दाखवलाच, तर त्यासोबतचा फोटो मूर्तीशेजारी धरून बोटं, खालची बैठक, मागची बाजू, सगळं ताडून बघा.