मोतीखवल्याचा गुण ‘विरत’ नाही

साध्या खवल्यांच्या एंजलफिशशी (मत्स्यालयातील एक मासा) जोडी लावल्यास ‘पर्लस्केल’ गुण, म्हणजे मोत्यासारखे चमकदार, सुरकुतलेले खवले, पुढच्या पिढीत विरून जातो, हे एंजलफिशवरील लेखातील विधान मला चुकीचे वाटते. हा गुण अप्रभावी (जनुकाच्या दोन प्रती असल्या तरच दिसणारा) असल्याने, दुसऱ्या पालकात तो सुप्त नसेल तर, पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले साधी दिसतात, पण प्रत्येकाजवळ त्या जनुकाची एक प्रत असतेच. त्याच भावंडांची आपसात जोडी लावल्यावर सरासरी एक चतुर्थांश पिल्लांत सुरकुतलेले, चमकदार खवले परत दिसतात, आणि पर्लस्केल पालकाशीच जोडी लावली तर सुमारे निम्म्या. माझ्याकडील माशांत हे स्पष्ट दिसले आहे. खवल्यांची ही ठेवण रंगाच्या जनुकांहून वेगळी चालते, म्हणून सोनेरी किंवा मार्बल माशांतही ती आणता येते. मात्र पिल्ले थोडी वाढेपर्यंत ती ओळखू येत नाही. निवडीची घाई कृपया करू नये.