मंडई उचलताना घ्यावयाची काळजी

तुमच्या शहरातला जुना बाजार अजून जागच्या जागी असेल, तर तुमच्या कारकिर्दीत काहीतरी राहून गेलंय हे आधी मान्य करा. रस्ते रुंद करून झाले. चौकात कारंजं बसवून झालं, ते बंदही पडून झालं. आता उरला बाजार. तो उचला आणि नव्या संकुलात नेऊन ठेवा. अवघड काही नाही, फक्त पद्धत माहीत पाहिजे.

सुरुवात कारणापासून. ‘बाजारात फार गर्दी होते’ हे कारण सगळ्यात टिकाऊ. विहिरीत फार पाणी आहे अशी तक्रार कुणी केली तर आपण हसतो, पण बाजारातल्या गर्दीच्या तक्रारीवर आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि समिती नेमली जाते. समितीत भाजी विकणारं कुणी घेऊ नका. भाजी विकत घेणारं तर अजिबात नको. ज्यांच्या घरी भाजी कुठून येते हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही, असे चारपाच जण मिळाले की समिती निःपक्षपाती होते.

कुणी परंपरेचा मुद्दा काढला तर घाबरू नका, उलट पुण्याचा दाखला तुम्हीच द्या. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. ऊन, चिखल, माश्या, सगळं होतं. नगरपालिकेनं त्यासाठी दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची भव्य मंडई बांधली. १८८६ साली ती सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं. म्हणजे आज ज्या मंडईसाठी लोक गळा काढतात, तीही एकेकाळी नवीन संकुलच होती, बाजार हलवूनच झालेली. हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. त्यापुढचं मात्र सांगत बसू नका. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईवर एवढा पैसा ओतायला विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. यात तुमच्यासाठी मोठा धडा आहे. विरोधक आज तुम्हाला नावं ठेवतील, ठेवू द्या. उद्या तुमच्या इमारतीला त्यांचंच नाव ठेवता येतं.

मंडईत गेलात तर वर मनोऱ्याकडे बघा. फोटोही काढा, पाहुणे आले की उपयोगी पडतो. खाली बघू नका. खाली बघितलंत तर आतल्या दगडी गाळ्यांपासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत पसरलेल्या पाट्या, पोती आणि हातगाड्या दिसतील, आणि सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी छपराखाली नेलेला बाजार पुन्हा उघड्यावर येऊन बसलाय असा गैरसमज होईल. तो अतिक्रमण विभागाचा विषय आहे, तुमचा नाही.

आता कायदा. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा शक्यतो वाचूच नका. वाचलात तर सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, स्थलांतर होता होईल तो टाळावं, ज्यांना हलवायचं त्यांना आखणीत सामील करून घ्यावं, असली मन खच्ची करणारी कलमं भेटतात. पन्नास वर्षांहून जुन्या ‘नैसर्गिक’, म्हणजे आपसूक भरत आलेल्या बाजाराला वारसा बाजार म्हणावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लिहिलंय. वारसा हा शब्द आपण इमारतींसाठी राखून ठेवलेला आहे. कोथिंबिरीच्या जुडीला तो लावायचा म्हणजे उद्या लिंबालाही लावावा लागेल.

तरी सर्वेक्षण करावंच लागलं, तर ते भर दुपारी तीन वाजता करा. पहाटे खेड्यातून मेथी घेऊन येणारी बाई तोवर परतीच्या एसटीत बसलेली असते आणि संध्याकाळचा गजरेवाला अजून फुलं ओवत घरी असतो. जो यादीत नाही, त्याला हलवावंच लागत नाही. एवढं स्वस्त पुनर्वसन दुसरं नाही.

संकुलाचा आराखडा हा खरा आनंदाचा भाग. आधी संगणकावर चित्र काढून घ्या. त्यात झाडं, फुगा धरलेलं मूल, हातात कागदी पिशवी घेतलेलं जोडपं आणि निळं आकाश हवं. भाजी नको, रंगसंगती बिघडते. भाजीबाजार पहिल्या मजल्यावर घ्या, कारण तळमजला पार्किंगला आणि बँकेला लागतो. डोक्यावर टोमॅटोचं क्रेट घेतलेला हमाल सरकत्या जिन्यावरून जाईल का, हा प्रश्न हमालाचा. फरशी गुळगुळीत, चकचकीत निवडा. पालेभाजीवर दिवसभर पाणी मारावं लागतं आणि ते पाणी फरशीवरच येतं, हे ध्यानात आलं तर ‘सावकाश चाला’ अशी पाटी लावा. ओट्याचं माप काढण्याची रीत अशी: भाजीवाली मांडी घालून बसते तेवढी जागा मोजायची, मागे पोतं, बाजूला पाण्याचा डबा, मांडीशी गल्ल्याची पिशवी, सगळं धरायचं. मग त्यातून मांडी वजा करायची.

गाळेवाटप सोडतीनंच करा. जुन्या बाजारात कोण कुणाशेजारी बसतं याला काही अर्थ असतो, असं जुने लोक म्हणतात. बाई मंडईतून भाजी घेते, तशीच तुळशीबागेत शिरते, बांगड्या बघते, पातेल्याचं झाकण घेते, उदबत्ती आठवते आणि बसस्टॉपवर येते, त्या सगळ्याचा म्हणे एक रस्ता असतो. सोडतीत तो रस्ता छान मोडतो. नारळवाला दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, हळदकुंकूवाला तळघरात. गिऱ्हाइकाचा व्यायामही होतो.

मुंबईचं उदाहरणही तोंडपाठ ठेवा. १८६९ सालचं क्रॉफर्ड मार्केट, भायखळ्याचा भाजीबाजार, मशीद बंदरचे कांदेबटाटेवाले. आधी कांदेबटाटे गेले, मग मसाले, आणि १९९६ मध्ये भाजीपाला नि फळांचा घाऊक बाजारही वाशीला गेला. गेला की नाही? पुण्यातही घाऊक व्यापार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेलाच. आता खरं सांगायचं तर तो जाणं भागच होतं. ट्रक उभे करायला भायखळ्यात जागा होती कुठे? पण तुम्ही घाऊक आणि किरकोळ यांतला फरक चुकूनही काढू नका. घाऊक बाजार ट्रकच्या मागे जातो आणि किरकोळ बाजार चपलांच्या मागे, हे एकदा सभागृहात कुणाच्या लक्षात आलं की तुमचा ठराव बोंबलला. आणि पाहणी दौरा वाशीलाच काढा. भल्या पहाटे दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरू नका. तिथे ढिगांनी भाजी उतरत असते, आणि बाजार हलवला की जुनी जागा ओस पडते हा तुमचा सिद्धांत तिला कुणी सांगितलेला नसतो.

उधारीचं काय, असा प्रश्न कुणी विचारणार नाही, पण विचारलाच तर हसून सोडून द्या. सुटे नाहीत म्हणून ‘उद्या द्या ताई’, महिनाअखेरीला ‘राहू दे, लिहून ठेवते’, आजारी माणसासाठी बाजूला काढून ठेवलेली दुधीची कोवळी फोड, असल्या गोष्टींना चौरस फुटात माप नाही. ज्याला माप नाही त्याची भरपाई द्यावी लागत नाही.

उद्घाटन आचारसंहितेच्या आदल्या दिवशी. भाजी त्या दिवसापुरती बाहेरून मागवा, ताजी दिसते.

आमच्या भागात हे सगळं नीट पार पडलंय, म्हणून एवढ्या अधिकारानं सांगतोय. संकुल उभं आहे. लिफ्टला कुलूप आहे, त्यामुळे ती बिघडायचा प्रश्न येत नाही. वरच्या ओट्यांवर दुपारी रखवालदार आणि दोन कुत्री अंतर राखून झोपतात. परवा मी आमच्या नेहमीच्या मावशींना शोधत वर गेलो, दोन फेऱ्या मारल्या आणि खाली आलो, तर त्या फाटकाबाहेर, जिन्याच्या तोंडाशीच ओलं पोतं अंथरून बसलेल्या. पुढे कोथिंबीर, मेथी, मिरच्यांचे आणि लिंबांचे वाटे. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं पाणी मारणं चाललेलं.

“मावशी, तुम्हाला ओटा नाही मिळाला?”

“मिळालाय की. वर, चव्वेचाळीस नंबर.”

“मग?”

“तिथं कांदे ठेवते. वर कोण येतंय, साहेब? तुम्ही तरी किती दिवसांनी चढलात?”

तुमच्या अहवालात हे ‘अद्ययावत गोदामाची सोय’ या मथळ्याखाली घाला. मी मेथीची जुडी घेतली, तोवर कोपऱ्यावर अतिक्रमणवाल्यांची गाडी वळताना दिसली. मावशींनी पोत्याची चार टोकं एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या पिशवीत कढीपत्ता टाकला. पैसे द्यायचे राहिले. गाडी गेली की देईन म्हणून मी तिथेच उभा राहिलो, तर मावशी पोतं घेऊन जिना चढून वर गेलेल्या, चव्वेचाळीस नंबरवर.